अर्ध्या रस्त्याचा मामा

मामाच्या शहरातून आमच्याकडे यायला बसला अख्खा दिवस लागायचा. मामा तीच बस चालवायचा, पण अर्ध्यापर्यंतच. दुपारी हमरस्त्यावरच्या खाणावळीपाशी दोन्हीकडच्या गाड्या समोरासमोर यायच्या, ड्रायव्हर गाड्या बदलायचे आणि संध्याकाळी आपापल्या घरी. आमच्या बाजूचा ड्रायव्हर म्हणजे लांबूकाका. आमच्या दारातून तो वाकूनच आत यायचा. मामानं पाठवलेले लोकरीचे मोजे, औषधं तोच पोचवायचा, आणि मामाच्या वाटची आईची बोलणीही तोच खायचा.

"तुझ्या मित्राला सांग, सामान पाठवतोस तसा एकदा स्वतःला पाठव."

"सांगतो ताई. पण टपावर मावायचा नाही तो."

आईचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं तर आजच बोलवा. माझा फोन गेला तेव्हा मामा नुकताच खाणावळीपाशी पोचला होता. पुढचं मला लांबूकाकानं सांगितलं.

"गाड्या बदलूच नको," तो मामाला म्हणाला. "तुझी तू पुढे ने, माझी मी तुझ्याकडे नेतो. संध्याकाळी ताईच्या उशाशी असशील."

मामा नुसता प्रवासी होऊन पुढे आला असता, तर दुसरी गाडी माणसांसकट तिथंच अडकली असती. तिसरा ड्रायव्हर नव्हता.

"पहाटे कधी उठलास तू?" मामानं विचारलं.

"तू उठलास तेव्हाच."

"म्हणजे दोघांचेही डोळे सारखेच थकलेले. आणि तुझ्याकडचा घाट मी जन्मात चालवलेला नाही."

"हळू ने."

"मागे माणसं बसलीत रे."

"बहीण एकच आहे तुला."

"ते तू मला सांगू नकोस," मामा म्हणाला, आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवून दुसऱ्या गाडीत चढला.

डेपोतून दुसऱ्या दिवशीची रजा आणि बदली ड्रायव्हर मिळाला. मामा त्याच बसमध्ये तिकीट काढून बसला. खाणावळीपाशी लांबूकाकानं गाडी हातात घेतली, मामा त्याच्या मागच्या सीटवर. घाटभर तो पाय दाबत होता म्हणे, ब्रेक नसलेल्या जागी.

आई दुपारी गेली. तो वाटेत असताना फोन करायचा मला धीर झाला नाही.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर माझं तोंड बघूनच त्याला कळलं. तो कठडा धरून उभा राहिला.

"काल पुढे आणली असती तर भेट झाली असती?" त्यानं सोबत आलेल्या लांबूकाकाला विचारलं.

मला वाटलं, काका काहीतरी समजुतीचं बोलेल.

"झाली असती," काका म्हणाला.

मामानं मान हलवली. मग माझ्याकडे वळला. "काही म्हणाली?"

"सकाळभर दाराकडे बघत होती."

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "हो. थोडी."

"असू दे तो राग. कमी करायला बघू नकोस," मामा म्हणाला. "आता मला तिच्यापाशी ने."