सूतभर मिस्त्रींची बाथरूम

फरशी बसवणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव बँकेला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते सूतभर मिस्त्री. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तो मिस्त्रींच्या तोंडात कायम बसलेला. फरशी सूतभर वर आली, नळ सूतभर डावीकडे गेला, जावई सूतभर आखडू आहे. "चहा किती देऊ?" असं विचारलं तरी "सूतभर" म्हणायचे आणि कपभर प्यायचे.

लहान बाथरूम मोठी दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्यांना भिंत पाडणं परवडत नाही अशी माणसं त्यांना शोधत यायची. मिस्त्री आधी दारात उभे राहून पाच मिनिटं नुसते बघायचे. घरमालकीण बोलत असली तरी बघतच राहायचे. मग म्हणायचे, "खोली वाढत नसते हो, अडचण कमी करायची असते." फरशी मोठी, रंग फिका, जमिनीला आणि भिंतीला एकच, छतापर्यंत. जोड जितके कमी तितकी खोली मोठी, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. काम झालं की मालकीणबाई दारात येऊन "अगंबाई!" म्हणायच्या. त्या "अगंबाई"साठी मिस्त्री मजुरी थोडी कमीही घ्यायचे.

आणि स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. साडेतीन फूट बाय पाच फुटांची बाथरूम, दार आत उघडणारं, दारामागे पाण्याचं पिंप, पिंपासमोर बेसिन. आत शिरायचं, पोट आत घेऊन अंग चोरून वळायचं, दार ढकलायचं, मग कुठे सरळ उभं राहता यायचं. बायको सत्तावीस वर्षं विचारत होती, "जगाच्या बाथरूमा मोठ्या करता, माझी कधी?" मिस्त्री म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." तिने शेवटी विचारायचंच सोडून दिलं. मिस्त्रींना वाटलं, सवय झाली असेल. नवऱ्यांना असं वाटायला फार वेळ लागत नाही.

मग ती पडली. कपडे शिवण्याच्या दुकानात काम करायची, त्या दुकानाच्या पायरीवरून पाय निसटला आणि खुब्याचं हाड मोडलं. सळई घातली, हातात वॉकर आला. घरच्या बाथरूमच्या दारातून वॉकर जाईना, म्हणून लेक आईला आपल्या घरी घेऊन गेली.

लेकीकडे काही कमी नव्हतं. पण अंघोळ लेक घालायची. आई घसरेल म्हणून दार उघडं ठेवायची, आणि जावई पलीकडच्या खोलीत मुद्दाम मोठ्याने खोकत बसायचा. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री भेटायला गेले तेव्हा लेक चहा करायला आत गेल्याचं बघून बायको हळूच म्हणाली, "अहो, ती पाणी घालते तेव्हा मी डोळे मिटून घेते. मी तिला न्हाऊ घातलं ते ठीक होतं. हे उलटं मला जमत नाही."

"मग घरी चल."

"दार लावून, एकटीने अंघोळ करता येत असेल तर येते. नाहीतर नाही. तिथे तुम्ही घालणार, इथे ही घालते. फरक काय?"

चहा घेऊन आलेल्या लेकीने वेगळीच बातमी दिली. अडगळीची खोली रिकामी करायला घेतली होती. आईचा पलंग तिथे कायमचा टाकायचा. जावयाने मापंही घेतली होती. बायको कपातल्या चहाकडे बघत बसली. घरी रिकाम्या पलंगाशेजारी झोपायची सवय मिस्त्रींना करून घ्यायची नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाहेरची कामं बंद केली. ऑपरेशनमध्ये हात रिकामा झाला होता, त्यामुळे जे करायचं ते असलेल्यातूनच. दाराची चौकट काढून चार इंचांनी रुंद केली आणि बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं. तेवढ्यानेच आत अडीच फूट जागा मोकळी झाली. पिंप स्वयंपाकघरात गेलं, बेसिन बाहेर बोळात. साबण-तेलासाठी भिंतीतच कोनाडा कोरला. उंबऱ्याची दगडी पट्टी उखडून जमीन सपाट केली. एका दुकानामागे पांढऱ्या चकचकीत मोठ्या फरशीची खोकी पडून होती. शेड जुळत नाही म्हणून कोणी घेत नव्हतं. ती मातीमोलाने आणली आणि जमिनीपासून छतापर्यंत एकसलग लावली. जोडही पांढरे भरले. शेवटी झरोक्यासमोर आरसा बसवला, म्हणजे उजेड दुप्पट.

नवव्या दिवशी शेजारी बघायला आले आणि म्हणाले, "भिंत पाडली की काय?" मिस्त्रींची छाती चार सुतं फुगली.

रविवारी लेक आईला घेऊन आली. लेक पुढे झाली, "बाबा, केवढी मोठी झाली!" बायको वॉकर टेकवत दारापर्यंत आली आणि थांबली. मिस्त्री "अगंबाई"ची वाट बघत होते.

"जमीन कुठे आहे?" तिने विचारलं.

"आई, समोर तर आहे."

"सगळं पांढरंफटक. भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. पाय कुठे टाकू?" तरी तिने वॉकर पुढे टाकला. त्याचा एक पाय त्या चकचकीत फरशीवर सरकला. सूतभरच, पण तिचा चेहरा उतरला. ती तिथूनच मागे वळली. लेकीला म्हणाली, "चल, तुझ्याकडेच जाऊ." जाताना मिस्त्रींना म्हणाली, "छान केलीत हो." पाहुण्याने म्हणावं तसं म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मिस्त्री बादली पालथी घालून बाथरूमच्या मधोमध बसले. स्वतःचा असा राग त्यांना पूर्वी कधी आला नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक बाथरूम दारात उभं राहून, दोन धडधाकट पायांवर बघितली होती. आत अंघोळ करणाऱ्याचं माप एकदाही घेतलं नव्हतं. बायकोची बाथरूमसुद्धा त्यांनी शेजाऱ्यांना दाखवायलाच केली होती.

औषधांच्या दुकानातून त्यांनी भाड्याने एक वॉकर आणला. उजव्या गुडघ्याला लाकडी पट्टी बांधली, म्हणजे पाय वाकू नये, आणि बोळातून बाथरूमकडे खेळ सुरू झाला. जायचं, वळायचं, स्टुलावर बसायचं, उठायचं. शेजाऱ्यांनी उघड्या दारातून बघितलं. "मिस्त्री, हे काय आता?"

"धंदा शिकतोय."

बसल्यावर कळलं की कोनाडा वीतभर वर आहे. उठताना हात आपोआप भिंतीवर एका ठिकाणी आधार शोधतो आणि तिथे काहीच नाही. आणि समोरच्या आरशात एक म्हातारा, भेदरलेला माणूस आपल्याकडेच बघतोय. एकटीने अंघोळ करू पाहणाऱ्या बाईला हेही एक माणूस जास्तच होतं. आरसा निघाला आणि बाहेर बेसिनवर गेला. हात जिथे गेला होता तिथे नळाचा जाड पाइप आडवा ठोकला. कोनाडा खाली आला. मग मिस्त्रींनी छिन्नी उचलली आणि स्वतःच्या हातांनी बसवलेली नवी जमीन फोडली. पहिला घाव घालताना हात थबकला, खोटं कशाला सांगा.

पलंगाखालच्या पोत्यात लोकांच्या कामांतून उरलेल्या फरश्या होत्या. गडद, खरखरीत, तळहाताएवढ्या, तीन वेगवेगळ्या रंगछटांच्या. त्याच लावल्या. चार-चार इंचांवर जोड. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं त्या जमिनीत होतं. पण ती पावलं पकडून धरत होती. खोली मात्र पुन्हा हातभर लहान दिसायला लागली.

त्यांनी फोन केला. बायको म्हणाली, "बघितली की मी एकदा."

"बघायला नको येऊस. अंघोळीला ये. टॉवेल घेऊन ये."

लेकीने आधीच बजावलं होतं, आतून कडी नको. मिस्त्रींनी कडी लावली होती, फक्त बाहेरून स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल अशी, आणि ते लेकीच्या कानात सांगितलं होतं. बायकोला नाही.

ती आली, दारात थांबली, खाली बघितलं. "परत लहान केलीत की हो."

"सूतभर."

वॉकर गडद फरशीवर टेकला आणि जागचा हलला नाही. मग तिचा एक पाय, मग दुसरा. लेक आधार द्यायला पुढे झाली तेव्हा मिस्त्रींनी तिचा दंड धरला. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

नळ सुरू झाला. स्टूल घसटलं. मग नळ बंद झाला, आणि नंतर कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी खिशातला स्क्रूड्रायव्हर मुठीत धरला आणि दाराला कान लावला.

"अहो!" आतून हाक आली.

"काय? काय झालं?"

"दाराला चिकटून उभे आहात ना? सरका तिकडे. दार आता बाहेर उघडतं, कपाळमोक्ष होईल."

मिस्त्री चांगले तीन फूट मागे सरकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बाहीला पुसलं. लेकीला म्हणाले, "तुझ्या त्या खोलीत अडगळ परत भरून टाक."

आत मगमधून पाणी ओतल्याचे आवाज सुरू झाले. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुटला. ती दुसरी बादली भरून घेत होती.