निवणारा चहा

आलं घातलेल्या चहाचा वास आला की मला उस्मानपुऱ्यातला तो गणिताचा क्लास आठवतो. पत्र्याखाली आम्ही घामेजून बसलो होतो आणि सरांनी वाफाळता कप टेबलावर ठेवत विचारलं, "हा किती वेगानं निवेल?" डिफरन्शियल इक्वेशनची सगळी सूत्रं मला पाठ होती, वर्गात पहिला नंबर माझाच असायचा, तरी मी वहीत एकेक सूत्र लिहून खोडत राहिले. तेवढ्यात खुलताबादहून एसटीनं येणारी माझी मैत्रीण म्हणाली, "सर, लई गरम असतो तव्हा भरभर निवतो, मग हळूहळू. म्हंजी वेग चहा अन् हवेच्या तापमानातल्या फरकावर आहे, व्हय ना?" सर खूश होऊन म्हणाले, "हेच तर समीकरण! ये, सोडव." तिनं तापमानाचं सगळं एका बाजूला नेलं, वेळेचं दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडं इंटिग्रेशन केलं आणि उत्तर मांडलं. टाळ्या वाजल्या, माझे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कळलं का गं तुला?" मी नुसती मान हलवली, कारण खरंच कळलं होतं, आणि तेही तिच्यामुळं. आता मी हाच विषय शिकवते, मुलांना तिच्याच शब्दांत समजावते, आणि त्यांचे चेहरे उजळले की मला अजूनही तिचा हेवा वाटतो.