आप्पांची टेस्ट

मला पसारा सहन होत नाही. कारेगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत चपलासुद्धा रांगेत असतात. मित्र हसतात, हसू देत. कंपनीतली नोकरी सांभाळून मी एक लायब्ररी लिहितो. पुस्तकांची नव्हे, कोडची. कुणीही फुकट घ्यावी, सुधारावी अशी. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला एक डबी जोडायची, की मोटार फोनवरून चालू-बंद करता येते आणि गेलेली लाईट आली की ती आपोआप सुरू होते.

अशा कोडला टेस्ट लागतात. टेस्ट म्हणजे कोडला विचारलेला एकेक छोटा प्रश्न. उत्तर बरोबर आलं की हिरवी ओळ, चुकलं की तांबडी. आमच्या सगळ्या टेस्ट एकाच फाइलीत पोत्यात भरल्यासारख्या कोंबलेल्या. एका सुट्टीला वैतागून मी त्या निवडायला बसलो. फोनच्या एकीकडे, लाईटच्या दुसरीकडे. त्यात एक हाताला लागली, तिचं नाव 'आप्पा विहिरीत'.

आप्पा म्हणजे माझे चुलते. केडगावजवळ त्यांचं रान, आणि पहिली डबी बसली ती त्यांच्याच मोटारीला. तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "म्या हातानं बटन दाबून बंद केली, तर लाईट जाऊ दे न्हाईतर येऊ दे, माझ्या हाताबिगर ती चालू व्हता कामा न्हाई." विहिरीत उतरण्याआधी ते ती तशीच बंद करायचे, म्हणून तेच मी या नावाची टेस्ट म्हणून लिहून ठेवलं होतं. पण आता लायब्ररीत परगावची, परदेशातली माणसं काम करायला लागली होती, आणि खरं सांगतो, मला त्या नावाची लाज वाटली. शिवाय 'बंद केल्यावर आपोआप चालू होऊ नये' अशी दुसरी टेस्ट होतीच की! मग ही कशाला? उडवली. ती दुसरी टेस्ट फक्त फोनवरून बंद केलेल्या मोटारीची होती. तेवढं उघडून बघायचे कष्ट या शहाण्याने घेतले नाहीत.

पुढे कुणीतरी तो कोड आटोपशीर करून पाठवला. त्या काटछाटीत हाताच्या बटणाची आठवण गळाली, पण ते विचारणारी टेस्टच उरली नव्हती, म्हणून सगळ्या ओळी हिरव्यागार. मी खूश होऊन नवा कोड इथूनच, नेटवरून आप्पांच्या डबीतही भरला.

पुढच्या रविवारी मी गाडी काढून न्हावऱ्यावरून केडगावला गेलो. आप्पांनी माझ्यादेखत बटण दाबून मोटार बंद केली आणि ते विहिरीत उतरले. खाली कट्ट्यावर पंप बसवलेला आहे. त्याच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू नये म्हणून दोरी भरतात, ती त्यांना बदलायची होती. मी वर स्टार्टरपाशी बसलो. लाईट गेली. थोड्या वेळाने आली आणि खट्ट करून मोटार सुरू झाली.

मेन स्विच खाली ओढला आणि "आप्पाऽऽ!" म्हणून बोंबललो. धावत काठाशी जाऊन खाली वाकलो. मग खालून आवाज आला, "हाय, हाय. वरडू नगंस." तंबाखू मळायला म्हणून त्यांनी नेमका हात बाहेर काढला होता. पान्हा तेवढा विहिरीत उडाला.

वर आल्यावर त्यांनी आधी स्टार्टरकडे बघितलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते म्हणाले, "बंद करायचंच इसरलो वाटतं म्या. पोरगं म्हंतंय त्ये खरं हाय."

पोरगं म्हणजे माझा चुलतभाऊ. आप्पांच्या आता काही ध्यानात राहत नाही, त्यांना विहिरीकडं जाऊ द्यायचं नाही, असा त्याने घरात धोशा लावला होता. अहो, विहीर बंद झाली तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय?

"आप्पा, तुम्ही बंद केली होती. मी बघितलंय. चूक माझी आहे."

"उगं समजूत काढू नगंस," ते म्हणाले आणि घराकडे चालायला लागले. एवढं वाईट मला त्या खट्ट आवाजानेही वाटलं नव्हतं.

घरी गेल्यावर मी सगळं सांगितलं. चुलतभाऊ म्हणाला, "पाठीशी घालतोस व्हय त्यांना? मशीन कवा इसरतं का?"

माझं टाळकंच सटकलं. लॅपटॉप त्याच्यापुढे आणून ठेवला, उडवलेली टेस्ट परत आणली आणि सगळ्यांसमोर चालवली. हिरव्या, हिरव्या, हिरव्या, आणि एकच तांबडी: आप्पा विहिरीत, नापास.

"वाच," मी म्हणालो. "डबी विसरली. आप्पा नाही विसरले. आणि डबी विसरली, कारण तिला हे विचारायचं मी बंद केलं."

त्याने दोनदा वाचलं. मग आप्पांकडे न बघताच म्हणाला, "चुकलं माझं, आप्पा."

"तुझं न्हाई," आप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याचं."