काय सोडलं?

कापसाची ती वाईट वर्षं होती आणि त्यामुळे यवतमाळात मेकॅनिक मिळत नव्हता. हे हाल बघायला दिल्ली-मुंबईहून पत्रकार, मंत्री, अभ्यासक यांची रीघ लागली होती. भाड्याची एकूण एक गाडी त्यांच्या दिमतीला गेली आणि गाड्यांच्या मागोमाग आमचा नेहमीचा मेकॅनिकही पांढरकवड्याकडे गेला. पाहुण्यांना शेतकरी भेटायच्या आधी खड्डे भेटत, त्यामुळे त्याला तिकडे भरपूर काम होतं.

आमच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेकपॅड नेमके तेव्हाच झिजून संपले. कळंबच्या शाळेत शिकवायला मी ती गाडी घेऊन जायची. त्याआधी काळी-पिवळी जीपनं, खच्चून भरलेल्या सवारीत जात असे, म्हणजे एका मांडीवर माझी पिशवी आणि दुसरीवर कुणातरी अनोळखी बाईचं पोरगं. त्या काळी-पिवळीत परत जायची माझी मुळीच तयारी नव्हती. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, सुनेनं गाडी चालवणं कधीच रुचलं नव्हतं. त्यांनी बसल्या जागेवरून निकाल दिला, "सूनबाई ब्रेकवर पाय ठेवूनच चालवते. रविवारपर्यंत नीट नाही झाली तर इकून टाकतो गाडी. गिऱ्हाईक हाये माह्याजवळ."

मग आमच्या ह्यांच्या अंगात मेकॅनिक संचारला. हे कचेरीत कारकून. तोवर त्यांनी उघडून दुरुस्त केलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. पण नवे पॅड त्यांनी खरंच बसवले. जाड पॅडला जागा व्हावी म्हणून आतला पिस्टन मागे दाबावा लागतो. तो सहज दबावा म्हणून ह्यांनी ब्रेकमधली हवा काढायचा नट सैल केला, आणि तिथेच घोळ झाला.

मी ब्रेक दाबला तर पेडल कणकेत पाय रुतावा तसं खाली गेलं.

"नरम लागून राह्यला," मी म्हटलं.

"तुहा पायच नरम हाये," हे म्हणाले.

माझं टाळकं सटकलं. मी त्यांनाच सीटवर बसवलं. त्यांचा पायही तितकाच खाली गेला, तेव्हा कुठे तपास सुरू झाला. ऑइल पुरेसं होतं. चाकापाशी कुठे ओल नव्हती. पेडल दाबून धरलं तर ते हळूहळू खचत नव्हतं, म्हणजे ऑइल गळत नव्हतं. भराभर दाबलं की मात्र ते कडक होई आणि थोड्या वेळानं पुन्हा नरम. आत हवा शिरली होती, यावर आमचं एकमत झालं. लग्नानंतर असे प्रसंग थोडेच आले.

हवा काढायची पद्धत सोपी. मी सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, ह्यांनी खाली आडवं होऊन नट सैल करायचा, फुस्सकन हवा गेली की नट आवळायचा आणि मगच मी पाय उचलायचा. आम्ही सकाळपासून हेच करत होतो. दर वेळी हवा निघायची आणि पेडल नरम ते नरमच. इतकी हवा तर त्या वर्षी आलेल्या एकाही मंत्र्याच्या भाषणात नव्हती. मामाजी ओट्यावरून म्हणाले, "उद्या रविवार हाये बरं का." मला रडू यायचंच बाकी होतं.

खालून आवाज आला, "सोडलंऽऽ!"

मी पाय उचलला. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, काय सोडलं तुम्ही?"

"काय म्हंजे? नट!"

"मले वाटलं तुम्ही पाय सोड म्हणून राह्यले!"

ह्यांचा नट सुटायचा, त्याच क्षणी माझा पाय सुटायचा आणि गेलेली हवा उघड्या नटातून परत आत यायची. आम्ही सकाळपासून एकच हवा आतबाहेर करत होतो. मला इतकं हसू आलं की हॉर्नवर डोकं आपटलं. त्यानंतर 'सोड' या शब्दाला बंदी घातली. नट आवळला की 'उचल' एवढंच म्हणायचं ठरलं, आणि चहाच्या वेळेआत पेडल दगडासारखं झालं.

रविवारी मामाजी स्वतः तपासणीला बसले, माझ्या शेजारी, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. कळंब रोडला कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर नेहमीप्रमाणे कापसाच्या गाड्यांची रांग होती. रांगेतला एक ट्रॅक्टर इशारा न देता मध्येच वळला. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मामाजींची टोपी तेवढी पुढे गेली.

मी टोपी उचलून त्यांच्या हातात देऊ लागले, पण घ्यायला हात मोकळा नव्हता.

"मामाजी, सोडा आता."

"काय सोडू? हँडल का गाडी?"

"दोन्ही."

त्यांनी आधी हँडल सोडलं. मग टोपी घातली आणि म्हणाले, "चाल मंग. गिऱ्हाइकाले नाही म्हणून सांगतो."