तांबडी खुडूक

ओल्या पिसांचा वास आला, की मला हर्सूलच्या घरामागची आमची तांबडी कोंबडी आठवते. ती खुडूक होऊन टोपलीतल्या अंड्यांवर फुगून बसली, तेव्हा नवऱ्यानं मोबाईलवर बघून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला होता आणि अंडी उबवायचं यंत्र तयार केलं होतं. तिची दहा अंडी आम्ही त्यात ठेवली. तिनं लवकर पुन्हा अंडी द्यावीत म्हणून मी सासूबाईंना उपाय विचारला. "थंड पाण्यात बुडीवलं की मोडती खुडूक," त्या म्हणाल्या, "पन बसलेलीला उठवू नये गं." मी पहिलं तेवढंच ऐकलं. तीन दुपारी तिला बादलीत मानेपर्यंत बुडवलं. दर वेळी ती निथळत टोपलीकडं जायची आणि रिकाम्या भुशावर बसायची. पंधरवडा उलटला तरी उठली नाही. मग एका सकाळी लाइट गेली, ती दुपारपर्यंत आलीच नाही. अंडी हाताला गार लागायला लागली. सासूबाईंनी ती पदरात घेतली आणि टोपलीपाशी येऊन मला म्हणाल्या, "तूच ठेव. तूच उठीवलं व्हतं तिला." मी हात घातला तसं तिनं मनगटावर रक्त येईस्तोवर टोचलं, आणि मग एकेक अंडं चोचीनं ओढून पोटाखाली घेतलं. सात पिल्लं निघाली. आता आमच्याकडं इन्व्हर्टरवर चालणारं विकतचं यंत्र आहे. पण एखादी कोंबडी खुडूक बसली, की मी आधी बादली उपडी करून ठेवते.