ब्रुसेल्सला नेलेला सर्वांत जाड टॉवेल

आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. युरोपातल्या नऊ देशांचे मंत्री ब्रुसेल्सला जमणार आणि बाहेरून येणाऱ्या कापडावर मर्यादा घालणार, हे मी रेडिओवर इंग्रजीत ऐकलं. इंग्रजी मी मागाच्या सुट्या भागांचे कॅटलॉग वाचून शिकलो, त्यामुळे ऐकण्यात चूक होत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे निम्मे टॉवेल हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्याकडे जातात. मर्यादा आली की निम्मे माग बंद. जायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "मंत्री भेटत्यात व्हय तुमाला? हितं आमदार भेटंना."

"मंत्र्यांना नाही भेटायचं. त्यांचे कागद करणाऱ्या साहेबाची वेळ मिळालीय."

"मग ठीक हाय. कामाचा माणूस त्योच असतोय."

सोबत भागीदार नरसय्या. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, माग बिघडला की दोन्ही. सामानात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमचा सर्वांत जाड टॉवेल.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मुंबईहून विमानाने फ्रँकफर्टला उतरावं आणि पुढे रेल्वेनं जावं. परकीय चलन मोजकंच मिळतं, ते विमानात उडवू नये. कोलोनपर्यंत उजव्या हाताची खिडकी धरावी, ऱ्हाईन नदी दिसते. कडक भाकरी उघडी ठेवू नये. फ्रँकफर्टच्या तपासणीत अधिकाऱ्यानं ती टेबलावर वाजवून पाहिली, वरिष्ठाला बोलावलं, त्यानंही वाजवली. मग परत दिली.

ब्रुसेल्सला स्टेशनामागच्या हॉटेलात उतरलो. खोलीच्या भाड्यात सकाळचा नाश्ता येतो, तो दुपारचंही धरूनच करावा. रस्त्यावर कागदाच्या शंकूत तळलेला बटाटा मिळतो, वर थंडगार पांढरं काहीतरी घालतात. ते नको म्हणावं आणि शेंगाचटणी भुरभुरावी.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. उंच, सभ्य माणूस. त्यांनी रीत समजावली. नऊ देशांचे त्यांच्यासारखे अधिकारी आधी महिनोन्‌महिने बसतात. ज्यावर एकमत होतं, ते मंत्री चर्चेविना मंजूर करतात. जे अडतं, तेवढंच मंत्र्यांपुढे चर्चेला येतं.

"आणि टॉवेल?" मी विचारलं.

टॉवेल एकाच मुद्द्यावर अडला होता. काही देश म्हणत मर्यादा नगावर घाला, काही म्हणत वजनावर. "असंच राहिलं तर उद्या मंत्री चर्चा करतील," साहेब म्हणाले, "आणि चर्चा झाली की निर्णय बहुधा पुढे जातो. तोवर तुमचा माल पूर्वीसारखाच येत राहील. बरं, तुमच्या गावात टॉवेल कसा जोखतात?"

नरसय्यानं माझा कोट मागून ओढला. मला वाटलं, टॉवेल काढ म्हणतोय. मी काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"सोलापुरात टॉवेल वजनावर ओळखतात. नग काय, कुणीही मोजील."

साहेबांनी हात वरखाली केला. चेहरा उजळला. "विणणारेच वजन म्हणतायत, मग वाद कसला?" त्यांनी लगेच फोन उचलला. टॉवेल आठवणीनं परत दिला. त्यांना भेट घ्यायची परवानगी नाही.

मंत्र्यांच्या बैठकीच्या दिवशी आम्ही बाहेरच्या दालनात बसलो. नऊ देश, सहा भाषा, प्रत्येकाच्या कानाला यंत्र. आमच्या एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चालते, यंत्राशिवाय. संध्याकाळी साहेब बाहेर आले. दिवसभर मंत्री दुधावर भांडले होते. टॉवेल चर्चेविना मंजूर झाला होता. वजनावर.

"बघ, आपलं ऐकलं," मी नरसय्याला म्हणालो.

"ऐकलं की. अन्ना, आता जाड टॉवेल म्हंजे थोडे टॉवेल. पातळ इणला तर तेवढ्याच वजनात दुप्पट नग जातेत."

"मग मी खोटं बोलायचं होतं?"

"खोटं कशाला? गप बसायचं. कोट कशाला वडला मी?"

परतीला नदी डाव्या हाताला होती. मी खिडकी धरली, नरसय्या मुद्दाम उजवीकडे जाऊन बसला.

सोलापुरात पोचलो तोवर हॅम्बुर्गची तार येऊन पडली होती: नग तेवढेच हवेत, वजन निम्मं करा. नाही म्हटलं असतं तर निम्मे माग थांबले असते. मी स्वतः मागापाशी उभं राहून टॉवेलच्या अंगावरचे सुताचे फासे आखूड करून घेतले. त्या कामात माझा हात धरणारा एमआयडीसीत नाही.

प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर तो जाड टॉवेल. अंघोळीनंतर तोच घेतो. वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून एकाआड एक दिवस घेतो.

पहिला पातळ टॉवेल मागावरून उतरला, तेव्हा नरसय्यानं तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"अन्ना, दिसतोय का मी?"

"दिसतोस की."

"मग बरोबर झालाय," तो म्हणाला, आणि माग सुरू केला.