सदाचाराचा रकाना

माझी मावशी सरकारी मदत घेणाऱ्या बायकांची घरं तपासायची. नवऱ्याने टाकलेल्या बाईला मदत हवी असेल, तर आठवड्याची प्रार्थना चुकता कामा नये आणि घरात परका पुरुष राहता कामा नये, असा नियम होता. मावशी आधी प्रार्थनेच्या हजेरीचं कार्ड बघायची, मग दोरीवरचे कपडे, मग मोरीतले ब्रश. अठ्ठावीस वर्षं हेच. त्या नियमावर तिचा मनापासून विश्वास होता, हे मला आजही पचत नाही. ती गल्लीत शिरली की दारं पटापट लागायची. चहाचं कोण विचारतंय!

एकदा एका शिंपिणीच्या दारात तिला पुरुषाचे बूट दिसले.

"कोणाचे हे?"

"कोणाचेच नाहीत, बाई. जुन्या बाजारातून आणलेत. दारात बूट दिसले की कोणी उगाच कडी वाजवत नाही."

दुसऱ्या कोणाला ही शुद्ध थाप वाटली असती. मावशीला पटलं, कारण तिच्याही दारात असेच बूट होते. माझी बिनलग्नाची मावशी दर रविवारी ते पॉलिश करायची आणि जरा जागा बदलून ठेवायची.

अहवालात 'बूट आढळले नाहीत' असं लिहून ती मोकळी झाली असती. पण शेजारणीने आधीच तक्रार केली होती, आणि खोटं लिहिणं मावशीला जमणारं नव्हतं. शिंपिणीची मदतही बंद पडू द्यायची नव्हती. तिने सदाचाराच्या रकान्यात लिहिलं, 'बूट संरक्षणासाठी आहेत. मी एकटी राहते, मीही ठेवते.'

मदत मंजूर करणाऱ्या समितीने डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडून ते वाक्य मोठ्याने वाचलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी मला अजून वाटते. मदत चालू राहिली, पण बूट काढायचे, नीतीला शोभत नाहीत, असं ठरलं. काढले की नाही, ते मावशीनेच जाऊन बघायचं.

शिंपिणीचा उंबरठा रिकामा होता.

"काढले. घ्या लिहून," ती दारातच उभी राहून म्हणाली.

"आतून अडसर लावत जा गं."

"तुमचं बरंय, बाई. तुमच्या घरी माणसं असतील."

"कोणी नाही. मी एकटीच असते."

हे मावशीने आजवर तोंडाने कोणालाच सांगितलं नव्हतं. शिंपिणीने मान हलवली, हजेरीच्या कार्डावर तपासल्याची सही घेतली आणि दार लावलं. आतून अडसर सरकल्याचा आवाज मावशीने बाहेर उभं राहून ऐकला.